मनोऱ्यांचा आठवडा

मे संपत आला की उन्हाळी शिबिरही ओसरत जात असेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आमच्याकडे उलट होतं. एप्रिलच्या अखेरीस परीक्षा आटोपतात, कोकणकन्येचं नाहीतर तुतारीचं तिकीट कन्फर्म होतं आणि निम्मी पोरं रातोरात गावाला पसार होतात. मधले दोन-तीन आठवडे मैदानात उरतात ती ज्यांना गाव नाही, किंवा गाव आहे पण यंदा जाणं परवडलं नाही अशी. मग पुस्तकं, गणवेश, रेनकोट यांच्या खरेदीसाठी माणसं मुंबईला परततात आणि एखाद्या सकाळी सहालाच व्यायामशाळेच्या फाटकाबाहेर गलका ऐकू येतो. उन्हाने रापलेली, ढोपरं फुटलेली पोरं. कुणाच्या हातावर काजूचा डीक उडून भाजल्याचे काळे डाग. मालवणकडे गेलेला एक मुलगा तर आल्या दिवशीच मल्लखांबावर अढी मारून सरसर वर गेला. जाताना त्याला जमिनीवरून पाय उचलता येत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "गावी पोफळीवर चढायचो ना, सर."

आमची व्यायामशाळा ना. म. जोशी मार्गाच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या डिलाईल रोडच्या, एका आतल्या गल्लीत आहे. समोर छोटं पटांगण, त्यात पुरलेला मल्लखांब, मागे पत्र्याच्या छपराचा हॉल, हॉलच्या तुळईला दोरीचा मल्लखांब, कोपऱ्यात मारुती. सकाळी साडेसहा ते साडेआठ मुलांचं शिबिर, संध्याकाळी मुलींचं. मुलं आठ ते चौदा वर्षांची. मी स्वतः याच पटांगणात वाढलो. आता नोकरी सांभाळून सकाळी शिकवायला येतो. शेवटच्या आठवड्यासाठी मात्र वर्षभर रजा राखून ठेवतो, कारण माझ्या लेखी शिबिरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या आठवड्यात असतं.

आधीचे आठवडे शरीराचे. सागाचा नाहीतर शिसवाचा तो खांब खाली जाड, वर निमुळता, टोकाला मान आणि मानेवर बोंड. त्याला एरंडेल चोळलेलं असतं, म्हणून नवशिक्या मुलाला तो हातातून निसटतो असं वाटतं. पहिली शिकवायची ती साधी अढी: खांब हातांत धरून पाय वर फेकायचे, डोकं खाली, मांड्यांनी खांब आवळायचा. आठ-नऊ वर्षांचं पोर पहिल्यांदा उलटं होतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. भीती आणि आनंद एकाच वेळी. मांड्यांच्या आतली, काखेतली सालटी निघतात. घरी गेल्यावर आया खोबरेल लावतात आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दोन शब्द ऐकवतात. मे जसजसा पुढे सरकतो तशी मुंबईच्या हवेतला दमटपणा वाढतो, अंगावरचा घाम वाळत नाही, पकड सुटायला लागते. मग हातापायांना राळ लावायची. "चवडे ताण!" हे दोन शब्द मी त्या महिन्यात इतक्या वेळा ओरडतो की घरी झोपेतही बडबडतो म्हणे.

मग येतो शेवटचा आठवडा, आणि त्याबरोबर सांगता समारंभ. इथे माझं आणि पुष्कळ जणांचं पटत नाही. बहुतेक ठिकाणी रीत अशी की शिबिरातली पाच-सहा तयार मुलं निवडायची, त्यांच्याकडून फरारे, पताका असे खांबावरचे अवघड प्रकार आणि उड्या घोटून घ्यायच्या, आणि बाकीच्यांना मागे पांढऱ्या गंजीफ्रॉकात सावधानात उभं करायचं. पालक येतात, पाहुणे येतात, टाळ्या पडतात. महिनाभर सालटी काढून घेतलेला मुलगा शेवटचे सहा दिवस दुसऱ्याचा खेळ बघत उभा राहतो. घरी जाताना तो एवढंच शिकतो की हे आपलं काम नव्हे. जूनमध्ये तो परत येत नाही. आणि खरं सांगायचं तर जी निवडलेली असतात त्यांतलीही थोडीच येतात, कारण त्यांचं कौतुक होऊन गेलेलं असतं.

म्हणून मी शेवटचा आठवडा मनोऱ्यांना, म्हणजे एकमेकांच्या पाठीवर उभं राहून रचायच्या थरांना, मागत आलो. समितीतली मंडळी थोडा वेळ द्यायची, बाकीचा प्रात्यक्षिकांना. 2025 मध्ये मात्र पावसानेच निकाल लावला.

मोसमी पाऊस मुंबईत पोचायची सर्वसाधारण तारीख 11 जून. त्या वर्षी तो 26 मेला आला. तो सोमवार होता, आमच्या शेवटच्या आठवड्याचा पहिला दिवस. मुंबईत इतक्या लवकर मोसमी पाऊस दाखल झाल्याची नोंदच नव्हती. सकाळी हिंदमाता, परळ सगळीकडे पाणी. वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्टेशनसुद्धा पाण्यात गेलं. मला वाटलं, आज कोण येणार. तरी वीसेक पोरं आली, चपला हातात घेऊन, गुडघ्यापर्यंत भिजून. पटांगणात चिखल. खांब पावसाने निथळत होता. ओल्या खांबावर मूल चढवणं म्हणजे गुन्हा. पुढचे दिवसही तसेच जाणार हे आभाळ बघून कळत होतं. खांबावरची प्रात्यक्षिकं रद्द झाली आणि हॉलमध्ये जमिनीवरचे मनोरे, एवढंच उरलं.

त्या पहिल्या दिवशी वीज गेली होती. पोरांना मारुतीसमोर गोल बसवलं आणि गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर, सप्तशृंगीच्या डोंगरातल्या वानरांकडे बघून त्यांनी ही विद्या बसवली अशी सांगोवांगी चालत आलेली हकिगत. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले खेळ तिथे दाखवले, ते. फेब्रुवारी 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा इथून चार-पाच किलोमीटरवर, शिवाजी पार्कला झाली, तेही. "म्हणजे परदेशी लोक आपल्या दादरला आले होते?" एकाने विचारलं. बर्लिनपेक्षा त्याला दादरचं अप्रूप जास्त वाटलं, आणि मला ते आवडलं.

मंगळवारपासून मनोरे सुरू झाले. माझा एक नियम आहे: खाली राहिल्याशिवाय वर चढायचं नाही. दणकट पोरं तळाला आणि चिमुरडी टोकाला, ही सोपी वाटणी मी करत नाही. वजनाचा हिशोब असतोच, आठ वर्षांच्या पोरावर बारा वर्षांचं पोर उभं करत नाही. पण आपल्या वजनाच्या जोडीदाराला प्रत्येकाने आधी पेललंच पाहिजे. दोन्ही हात-गुडघे टेकून घोडा व्हायचं, पाठ सपाट, मान दोन हातांच्या मध्ये. वर येणाऱ्याने पाऊल कमरेच्या हाडावर ठेवायचं, पाठीच्या मधोमध कधीही नाही. हे तोंडाने शंभरदा सांगून कळत नाही. स्वतःच्या कण्यावर कुणाची टाच एकदा रुतली की जन्मभर कळतं. दोन थर, फार तर तीन, आणि भोवती गाद्या. खाली झेलायला उभी असलेली मुलं हीसुद्धा मनोऱ्यात धरलेली. त्यांचे हात वर, नजर पडणाऱ्याच्या कमरेवर.

मुलांच्या डोक्यात अर्थातच दहीहंडी. लालबाग-परळच्या पोरांना थर, सलामी, एक्का हे शब्द पाळण्यापासून ठाऊक. "सर, चार लावू या ना!" मी नाही म्हणतो. गोविंदा पथकांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. गुरुपौर्णिमेपासून ही माणसं रात्र-रात्र सराव करतात. 2022 मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जाही दिला. पण चौदा वर्षांखालच्या मुलांनी थरावर चढू नये हे 2017 मध्ये न्यायालयात ठरलेलं आहे आणि ते योग्य आहे, हे मी त्यांना समोर बसवून सांगतो. कुणीही हिरमुसला तरी सांगतो.

आता त्या आठवड्यातली जी गोष्ट मला लिहायची होती ती.

पत्र्यावर मेचा तो पाऊस असा कोसळत होता की हॉलमध्ये माझाच आवाज मला येईना. शिट्टीही ऐकू जाईना. मनोरा हुकुमावर चालतो: एक म्हटलं की तळ बसतो, दोन म्हटलं की वरचा पाय ठेवतो, तीनला उभा राहतो. हुकूमच पोचेना, तर काय करायचं? मी हात वर-खाली करून खुणा केल्या, पण घोडा झालेल्या पोरांची तोंडं जमिनीकडे. त्यांना दिसणार काय? दोन-तीन मनोरे उभे व्हायच्या आतच विस्कटले. गादीवर पोरांचा ढीग, हसू, एकाचं रडू.

मग तळातल्या एका चष्मेवाल्या मुलाने (चष्मा काढून मारुतीपाशी ठेवलेला असायचा) आपणहून एक सुरू केलं. पाठीवर पाय ठेवायला जोडीदार शेजारी येऊन उभा राहिला की हा एक हात उचलून त्याच्या पोटरीवर थाप मारायचा. म्हणजे, मी तयार आहे, चढ. थाप पडल्याशिवाय वरचा पाय टाकायचा नाही. उतरायच्या वेळी वरच्याने वाकून खालच्याच्या खांद्यावर थाप द्यायची, मग उतरायचं. कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या जोडीने बघितलं आणि उचललं. अर्ध्या तासात सगळा हॉल पावसाच्या त्या आवाजात थापांवर चालायला लागला. मी भिंतीला टेकून नुसता बघत होतो. इतक्या वर्षांत मनोरा माझ्या आवाजाशिवाय उभा राहिलेला मी पाहिला नव्हता, आणि तो इतका सावकाश, इतक्या काळजीने उभा राहिलेलाही पाहिला नव्हता.

अकरा-बारा वर्षांचे मुलगे एकमेकांना हात लावतात तो बहुतेक वेळा धपाटा घालायला, शर्ट ओढायला, नाहीतर लोकलमध्ये घुसताना. लहानपणी गळ्यात गळे घालून हिंडणारी तीच पोरं या वयात एकमेकांपासून हातभर लांब बसायला लागतात. कुणी जवळ आला तर चिडवाचिडवी. त्यांना कुणीतरी परत सांगावं लागतं की मित्राला धरणं, त्याचं वजन घेणं, त्याच्या अंगावर विश्वासाने भार टाकणं यात लाज नाही. उपदेश करून ते होत नाही. ज्याच्या पाठीवर तुम्ही उभे राहिलात, आणि जो उद्या तुमच्या पाठीवर उभा राहणार आहे, त्याच्याशी वागायची तऱ्हा मात्र बदलते. बुधवारी दोघांचं पाण्याच्या पिंपापाशी कडाक्याचं भांडण झालं. गुरुवारी ते एकमेकांचे जोडीदार होते. थाप थोडी जोरात पडली असेल, पण पडली.

याच आठवड्यात मी आणखी एक काम करतो, आणि ते या मनोऱ्यांशी जोडलेलं आहे. सगळ्या मुलांचे पत्ते काढतो आणि शक्यतो एका इमारतीतल्या, एका गल्लीतल्या मुलांच्या जोड्या लावतो. पूर्वी याची गरज नव्हती. आमच्या रस्त्यालाच बीडीडी चाळी. गेल्या शतकाच्या विशीत बांधलेल्या, तळमजला धरून चार मजले, मधून लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या. एकाने पॅसेजमधून हाक मारली की मजला बाहेर पडायचा. ते दिवस सोनेरी होते असं मी म्हणणार नाही. मजल्यावरच्या संडासासमोरच्या रांगा मी माझ्या आत्याच्या घरी पाहिल्यात. वरळीत 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण टॉवरमध्ये दार लावलं की लागलंच. पुनर्विकासासाठी घर रिकामं करून कुणी भाड्याने प्रतीक्षानगरला गेलं, कुणी थेट दिव्याला. मुलांच्या हाका मारायच्या जागाच गेल्या.

त्या वर्षी पत्ते लावताना लक्षात आलं, दोन मुलं एकाच टॉवरची, एक चौदाव्या मजल्यावरचा आणि एक एकोणिसाव्या. दोघांनी एकमेकांना लिफ्टमध्ये पाहिलं होतं, नाव ठाऊक नव्हतं. चौदाव्या मजल्याचा तो चष्मेवाला. त्यांना मी जोडीला घातलं. शुक्रवारी दोघं एका छत्रीतून आले, एकेक खांदा भिजवून.

शनिवारी, 31 मेला, सांगता झाली. हॉल लहान, पालक भिंतींना चिकटून उभे. पाऊस थोडा उघडला होता, तरी मी पोरांना सांगितलं, हुकूम देणार नाही, तुमच्या थापांवरच करा. प्रत्येक मनोरा दोनदा लावला. दुसऱ्या वेळी वरचा खाली, खालचा वर. पहिल्या फेरीनंतर एक आई माझ्याकडे आली, फोन हातात. "सर, व्हिडिओत माझ्या मुलाचं तोंडच नाही आलं हो. तो खालीच होता." तिचं वाईट वाटणं खरं होतं. मी म्हटलं, "ताई, त्याच्या पाठीवर जो उभा होता ना, तो एक क्षणही हलला नाही. ते तुमच्या मुलाचं काम." दुसऱ्या फेरीत तो वर आला तेव्हा तिने फोन खाली केला आणि नुसतं पाहिलं.

पाहुणे म्हणून आम्ही गल्लीतल्याच एका आजोबांना बोलावलं होतं. गिरणीत साचे चालवलेले, तरुणपणी याच व्यायामशाळेत फरीगदगा आणि मल्लखांब केलेले. ते भाषण करत नाहीत. चहा घेताना मात्र मला म्हणाले, "मास्तर, आमच्या वेळी शिबिर नव्हतं. पहिली पाळी सुटली की माणूस घरी डबा टाकायचा आणि इथे यायचा. पोरं त्याच्या मागे. शिबिर कशाला हवं?"

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी या पोरांएवढा होतो. माझे वडीलही त्या अडीच लाखांतले एक. संप कधी मिटलाच नाही, भोंगे थांबले, आणि भोंग्यांवर चालणारी संध्याकाळही गेली. वडील माणसं रखवालदारीला, भाजी विकायला, कुणी कायमची गावाला. त्यांच्या मागोमाग येणारी आम्ही पोरं एकटी पडलो. गल्लोगल्लीच्या व्यायामशाळांत कॅरम आले, पुढे काहींच्या जागी आरशांच्या जिम आल्या. उन्हाळी शिबिरं आमच्याकडे त्यानंतर सुरू झाली. म्हणजे रोजची जी गोष्ट होती ती आपण मेमध्ये कोंबून बसवतो आहोत. महिनाभरात ती मावत नाही, हे आजोबांना म्हणायचं होतं, आणि ते बरोबर बोलत होते. म्हणूनच शेवटच्या आठवड्यात मला टाळ्यांची घाई नसते. माझं सगळं लक्ष जूनकडे असतं: शाळा, क्लास, पाऊस हे तिन्ही एकदम अंगावर आल्यावर या मुलाला घरातून बाहेर काढायला त्याच्या मजल्यावर कोण आहे?

सगळी परत आली असं नाही. पुष्कळ गळाली, काहींचे क्लास सहा वाजता, काहींचं घर फार लांब. पण जोडीने आलेली टिकली, हे मी त्या पावसाळाभर पाहिलं. चौदाव्या मजल्याचा आणि एकोणिसाव्याचा, दोघं गणपतीपर्यंत सलग आले. एकाला ताप आला तेव्हा दुसरा एकटा येऊन मला सांगून गेला, आणि मग दोन दिवस स्वतःही आला नाही. त्याला मी रागावलो नाही.

यंदापासून समितीने शेवटचा पूर्ण आठवडा मनोऱ्यांना दिला आहे, पाऊस येवो न येवो. मुलांना पेलायला नवीन गाद्या लागतील, त्यांची वर्गणी चालू आहे. मेच्या अखेरीस पटांगणातला खांब एरंडेल पाजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू, दोरीचा हॉलमध्ये आहेच. शाळा 15 जूनच्या आसपास उघडतील. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारपासून संध्याकाळी सहा ते साडेसात हॉलचं दार उघडं असेल, फी नाही. पालकांना एकच मागणं आहे: मुलाला एकट्याला धाडू नका. निघताना आधी त्याच्या जोडीदाराची बेल वाजवायला सांगा, आणि तो जोडीदार तुमच्या दारात आला तर अभ्यास बाकी आहे म्हणून त्याला परत पाठवू नका.